मत्तय १८ मधला कर्जदार: क्षमेचा दाखला साधेपणाने कसा वाचावा?

बुधवारचा वाचनगट

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीतला दहाबारा बायकांचा गट बुधवारी शास्त्र वाचायला बसतो. सेमिनरीत शिकलेलं कोणी नाही, पाळकसाहेबांना दर वेळी जमत नाही, आणि हातात पाऊण तास असतो. पुढच्या बैठकीला मत्तय १८:२१-३५ घ्यायचं आहे, निर्दय दासाचा दाखला. पेत्र विचारतो, अपराध करणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा करायची का? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि दाखला सांगतो: राजा एका दासाचं प्रचंड कर्ज सोडतो, पण तोच दास सोबत्याला थोड्या देण्यासाठी तुरुंगात टाकतो, तेव्हा राजा त्याचं कर्ज पुन्हा अंगावर टाकतो. त्याआधी चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१. ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हणजे खरंच ४९० वेळा का?
२. राजाने एकदा माफ केलेलं कर्ज पुन्हा अंगावर टाकलं. मग देवही दिलेली क्षमा परत घेतो का?
३. क्षमा केली म्हणजे पहिल्यासारखं बोलणं-चालणं, येणं-जाणं सुरू करायलाच हवं का? पैसे अडकले असतील तर तेही सोडायचे का?
४. टीकाग्रंथ (शास्त्राचा अर्थ उलगडणारी पुस्तकं) हाताशी नसताना असा उतारा वाचायची साधी रीत कोणती?

कृपा करून सविस्तर लिहा. ‘प्रार्थना करा, पवित्र आत्मा शिकवील’ हे मान्यच आहे, पण त्याच्या जोडीला वहीत उतरवता येईल असं काही हवं आहे.

शब्दशोधक

ताई, आधी आकडे घेतो, कारण हा दाखला हिशेबाचा आहे. २३ व्या वचनात राजा हिशेब घ्यायलाच बसला आहे.

पहिल्या दासाचं देणं दहा हजार तालांत. भाषांतरांत इथे वेगवेगळे शब्द येतात. काही प्रतींत तालांत किंवा दिनार न ठेवता रुपयांत सांगितलं आहे, त्यामुळे दोन रकमांमधलं अंतर हाताला लागत नाही. ते असं काढा. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हे मत्तय २०:२ मध्येच, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मिळतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे दहा हजार तालांत झाले ६ कोटी दिवसांचा रोज. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. आजचा रोज ५०० रुपये धरलात तर ३,००० कोटी रुपये. योसेफस हा पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार सांगतो की गालील आणि पेरिया या प्रांतांतून हेरोद अंतिपाला वर्षाला २०० तालांत मिळत. म्हणजे या एका दासाच्या डोक्यावर त्या अख्ख्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल आहे! शिवाय ग्रीक भाषेत ‘दहा हजार’ हा मोजण्याचा सर्वांत मोठा स्वतंत्र शब्द होता आणि तालांत हे सर्वांत मोठं चलनी माप. मोठ्यात मोठा आकडा मोठ्यात मोठ्या मापाला लावला आहे.

आता दुसऱ्या दासाचे शंभर दिनार. इथे पुष्कळ प्रवचनांत चूक होते. ‘क्षुल्लक रक्कम’ म्हणून ती उडवून लावतात. ५०० च्या हिशेबाने ते ५०,००० रुपये होतात, हातावर पोट असलेल्याची चार महिन्यांची कमाई. कोणाचे इतके पैसे बुडाले तर घर हलतं. येशूने तिथे दोन दिनार म्हटले नाहीत, शंभर म्हटले. दुसऱ्याने आपलं केलेलं नुकसान खरं असतं आणि ते दुखतं, हे दाखला नाकारत नाही. तो एवढंच म्हणतो की ते ६ लाखांतला एक भाग आहे. गटात हे गणित फळ्यावर मांडा आणि प्रत्येकीला करू द्या. पाच मिनिटं जातील, पण पुढचं अर्धं स्पष्टीकरण वाचेल.

आता येशूने पेत्राला सांगितलेल्या आकड्याबद्दल. मूळ ग्रीक शब्दरचनेतून ७७ असाही अर्थ निघतो आणि ४९० असाही. दोन्ही बाजूंचे जाणकार आहेत. हीच शब्दरचना जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात उत्पत्ती ४:२४ मध्ये आहे. तिथे काइनाचा वंशज लामेख बढाई मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्याहत्तरपट. येशूने सुडाचाच आकडा उचलून क्षमेला लावला. म्हणून ‘४९१ व्या वेळी काय’ हा प्रश्नच उरत नाही. उत्पत्तीतली ती दोन वचनं, ४:२३-२४, याच्या जोडीला नक्की वाचा.

आणखी एक. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’. लहानपणापासून तोंडपाठ असल्याने त्यातला ‘ऋण’ आपल्याला ऐकूच येत नाही. आणि क्रियापदही ‘सोड’ आहे. ग्रीक शब्द ‘आफिएमी’. शिमोन आणि आंद्रिया जाळी सोडून येशूच्या मागे गेले तिथे हेच क्रियापद (मत्तय ४:२०), शोमरोनी बाई घागर तिथेच टाकून गावात गेली तिथेही हेच (योहान ४:२८), शिमोनाच्या सासूचा ताप निघाला तिथेही हेच (मार्क १:३१). म्हणजे मुठीत धरलेली वस्तू सोडून देणं. मराठी भाषांतरकारांनी ‘ऋण सोडणे’ हा आपल्या व्यवहारातला शब्दप्रयोग ठेवला ते फार चांगलं केलं. ‘माफ करणे’ म्हटलं की आपण भावनेकडे वळतो. ‘सोडणे’ म्हटलं की हाताकडे लक्ष जातं. अठ्ठाविसाव्या वचनात त्या दासाचा हात कुठे आहे ते पाहा: सोबत्याच्या नरड्याला.

ओळीवर ओळ

चौथ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

पाऊण तासात हा उतारा चार वेळा वाचून होतो. पंधरा वचनं आहेत, सावकाश मोठ्याने वाचायला तीन मिनिटं पुरतात. पहिल्या वेळी फक्त एकीने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. हे दाखले आधी ऐकलेच गेले आहेत. दुसऱ्या वेळी दुसऱ्या भाषांतरातून वाचा: कोणाकडे जुनी प्रत असेल, कोणाकडे सोप्या मराठीतली. जिथे शब्द वेगळा आला तिथे पेन्सिलीने खूण करा. अडखळायची जागा बहुधा तिथेच असते. तिसऱ्या वेळी माणसं मोजा: कोण बोललं, कोणाला, काय मागितलं, काय मिळालं. चौथ्या वेळी एका वचनावर थांबा.

तिसऱ्या वाचनात दिसेल की २६ आणि २९ या वचनांत दोन्ही दासांची विनवणी जवळजवळ त्याच शब्दांत आहे: पाया पडणं तेच, ‘धीर धरा’ तेच, ‘फेडीन’ही तेच. फरक एवढाच, की पहिला जे सात जन्मांत फेडू शकत नाही ते फेडायचं म्हणतो आणि दुसरा जे खरोखर फेडता येण्यासारखं आहे ते. राजाने मुदत दिली नाही, मागितलं होतं त्याहून जास्त दिलं: कर्जच सोडलं. त्याचं कारण २७ व्या वचनात एकाच शब्दात आहे, कळवळा. हाच शब्द चांगल्या शोमरोन्याबद्दल (लूक १०:३३) आणि उधळ्या मुलाच्या बापाबद्दल (लूक १५:२०) येतो. तीन दाखल्यांतली ही तीन वचनं वहीत एकाखाली एक लिहून काढा.

नेहमी काय बिघडतं तेही सांगतो. सगळ्यांत जास्त बिघडतं ते ‘मला या वचनातून काय वाटलं’ इथून सुरुवात केल्यामुळे. ‘काय लिहिलं आहे’ हे पक्कं व्हायच्या आत वाटणं सुरू झालं की पंधरा मिनिटांत गट सासूसुनांच्या विषयावर पोचतो. निदान पहिली वीस मिनिटं ‘मला वाटतं’ हे शब्द बाजूला ठेवा. दुसरी गोष्ट, ठळक अक्षरांतले मथळे मूळ लिखाणाचा भाग नाहीत, ते छापणाऱ्यांनी घातले आहेत. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातले वचनांचे आकडे १५५१ मधले. त्यामुळे २१ व्या वचनाच्या वर मथळा आहे म्हणून तिथून सुरू करू नका. अठराव्या अध्यायाची अख्खी ओळ पाहा: मोठा कोण (१-५), लहानांना अडखळण (६-९), हरवलेलं मेंढरू (१०-१४), अपराध करणाऱ्या भावाशी कसं वागायचं (१५-२०), आणि मग पेत्राचा प्रश्न. पेत्र मध्येच उठून काहीतरी विचारत नाही. पंधराव्या वचनात ‘तुझ्या भावाने तुझा अपराध केला’ असं आलं, त्याचा धागा धरून तो विचारतो की असं किती वेळा.

आता दुसरा प्रश्न. दाखल्यातल्या प्रत्येक तपशिलाला देवाचा गुण चिकटवायला गेलात की गोंधळ होतो. हा राजा २५ व्या वचनात बायकोमुलं विकायला काढतो, म्हणून देव तसा आहे असं कोणी म्हणत नाही. दाखल्याचा टोकदार भाग कुठे आहे ते येशूने स्वतः ३५ व्या वचनात सांगितलं आहे: ‘मनापासून’ क्षमा केली नाही तर. मत्तय ६:१४-१५ मध्ये हेच दाखल्याविना, सरळ शब्दांत आहे. त्याला पातळ करू नका. क्षमेच्या बदल्यात क्षमा मिळते, असा हा सौदा नाही. राजाने आधीच सोडलं होतं, कोणतीही अट न घालता. पण ज्याच्या हातून ती दया पुढे सरकतच नाही, त्याने ती घेतलीच नाही, असा माझा या उताऱ्याचा अर्थ आहे. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक शिकवणीत या मुद्द्याची मांडणी वेगळी असते. गटात दोन्हीकडच्या बायका असतील तर त्या वादात पाऊण तास घालवू नका.

एक अवांतर. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं मराठी भाषांतर केलं ते मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, आणि कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी मराठी हवी म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम त्यांनी पुरं केलं होतं. साधं वाचणं म्हणजे कमी कष्टाचं वाचणं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

वसईचा वाचक

वरच्या दोघांनी छान उलगडलं आहे. मी नुकसानभरपाईबद्दल लिहितो, कारण क्षमेच्या बोलण्यात ती नेहमी गळते.

आम्हा कॅथलिकांमध्ये पापनिवेदनाच्या तयारीचे टप्पे लहानपणीच शिकवतात: विवेक तपासणं, मनापासून पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, धर्मगुरूपाशी पाप सांगणं आणि दिलेलं प्रायश्चित्त पुरं करणं. पण धर्मगुरूने पापमुक्ती दिली म्हणून चोरलेली वस्तू आपली होत नाही. ती परत करावीच लागते, बदनामी केली असेल तर तीही शक्य तितकी धुऊन काढावी लागते. हे धर्मशिक्षणात स्पष्ट आहे, तरी पुष्कळांना वाटतं की तीन ‘नमो मरिया’ म्हटल्या की खातं बंद.

शास्त्रात याचं मापही आहे. लेवीय ६:१-५ आणि गणना ५:७: मूळ रक्कम, अधिक तिचा पाचवा हिस्सा. वरच्या उदाहरणातले ५०,००० कोणी लबाडीने दाबले असतील तर परत करायचे ६०,०००. निर्गम २२:१ मध्ये चोरलेलं मेंढरू मारलं किंवा विकलं तर एकाला चार. जक्कय या जकातदाराने लूक १९:८ मध्ये ‘चौपट परत करतो’ म्हटलं ते उत्साहाच्या भरात सुचलेला आकडा म्हणून नाही. त्याने स्वतःला चोराचं कलम लावून घेतलं. आणि पाहा, येशूने त्याच्याकडे हिशेब मागितला नव्हता. तो त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला आणि हिशेब जक्कयाने आपणहून काढला.

म्हणून गटात दोन रांगा वेगळ्या करा. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी मत्तय १८. ज्याने नुकसान केलं त्याच्यासाठी मत्तय ५:२३-२४: वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तिथे ‘भावाच्या मनात’ असं आहे, ‘तुझ्या मनात’ नाही. मिस्सामध्ये प्रभूच्या प्रार्थनेनंतर आणि ख्रिस्तशरीर घेण्यापूर्वी आपण शेजाऱ्याला शांती देतो, त्यामागे हाच विचार आहे. अपराध्याने पहिल्या रांगेतली वचनं दुसऱ्यावर फेकायची नसतात. ‘तू ख्रिस्ती आहेस ना, मग मला माफ कर’ हे वाक्य शास्त्रात कुठेही नाही.

मंडळीतला वडील

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. क्षमा, समेट आणि विश्वास या तीन गोष्टींची आपण एकच जुडी बांधतो आणि मग ती उचलता येत नाही.

मार्क ११:२५ वाचा: प्रार्थनेला उभे राहता तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. समोरचा आला का, त्याने कबूल केलं का, याची तिथे चौकशी नाही. मग लूक १७:३ वाचा: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोन्ही वचनं येशूचीच. पहिल्यात देवासमोर आपण सूड सोडतो, त्याला एकटा माणूस पुरतो. दुसऱ्यात नातं पुन्हा जुळतं, त्याला दोघं लागतात. रोम १२:१८ मध्ये पौलही म्हणतो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. दोन अटी त्याने मुद्दाम घातल्या आहेत. आणि विश्वास तर वागणं पाहून येतो, त्याला महिने लागतात. योसेफाने आपल्याला विकणाऱ्या भावांना मनातून कधी क्षमा केली ते उत्पत्तीत लिहिलेलं नाही, पण ओळख देण्याआधी त्याने त्यांची परीक्षा पाहिली. अध्याय ४२ ते ४४ तेवढ्यासाठीच आहेत. धाकट्या बन्यामिनाला सोडून ते पुन्हा निघून जातात की त्याच्यासाठी उभे राहतात, हे त्याला पाहायचं होतं. त्यांच्यातला यहूदा उभा राहिला, तेव्हा ४५ व्या अध्यायात योसेफ रडला.

प्रत्यक्ष करायचं कसं? एक कागद घ्या. काय झालं ते नाव, प्रसंग आणि नुकसानासकट लिहा: पैसे किती, वर्षं किती, कोणासमोर मान खाली गेली. रक्कम न लिहिता कर्ज सोडता येत नाही, राजानेही आधी हिशेबच मागितला. आपल्याकडे या पायरीऐवजी ‘जाऊ दे’ म्हणतात. ‘जाऊ दे’ म्हणजे खातंच उघडायचं नाही, आणि न उघडलेलं खातं वर्षानुवर्षं व्याज चढवत राहतं. मग तो कागद देवापुढे वाचा, राग असेल तर रागासकट. त्यासाठी शब्द सापडत नसतील तर स्तोत्र ५५ घ्या, विशेषतः १२ ते १४. जवळच्या मित्राने दगा दिल्याचं आहे. मग मोठ्याने, नाव घेऊन म्हणा: अमुक गोष्टीचा सूड मी घेणार नाही, तो हिशेब प्रभूच्या हाती सोपवते. रोम १२:१९ चा तोच अर्थ. कागद फाडा किंवा ठेवा, त्यात काही विशेष नाही.

चार दिवसांनी पुन्हा उफाळून येईल. आपली क्षमा खोटी होती असं वाटून इथेच पुष्कळ जण खचतात. तसं नसतं. माझ्या मते सत्तर वेळांचा सगळ्यांत रोजचा उपयोग हाच आहे: तोच एक अपराध सत्तर वेळा आठवतो आणि सत्तर वेळा सोडावा लागतो. ‘क्षमा केली तर विसरायलाच हवं’ असं म्हणून यिर्मया ३१:३४ पुढे करतात, ‘त्यांचं पाप मी यापुढे स्मरणार नाही’. हिब्रूत ‘स्मरणे’ म्हणजे आठवून त्यानुसार पाऊल उचलणे. उत्पत्ती ८:१ मध्ये देवाने नोहाचं स्मरण केलं म्हणजे तोवर तो विसरला होता असं नाही; त्याने वारा वाहवला, पाणी ओसरलं. तेव्हा न स्मरणे म्हणजे त्या पापावरून कारवाई न करणे. स्मृती पुसणं माणसाच्या हातात नाही आणि ते मागितलेलंही नाही.

आणि कृपा करून हे टाळा: आपल्या हातून कोणी दुखावलं गेलं आहे याची ज्याला कल्पनाच नाही, त्याला फोन करून ‘मी तुम्हाला क्षमा केली’ असं सांगणं. त्याच्या कानाला तो आरोप लागतो. त्याला सांगायचंच असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे अपराध काय ते एकांतात, साध्या शब्दांत सांगा. मंडळीसमोर दोघांना उभं करून हात मिळवायला लावणं हेही तसंच घातक.

बुधवारचा वाचनगट

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरत चालली आहे. एक नाजूक गोष्ट विचारते. नवरा दारू पिऊन मारतो अशा बाईला ‘सत्तर वेळा क्षमा कर, घर सोडू नकोस’ असा सल्ला याच उताऱ्यावरून दिला जातो. गटात हा विषय निघणारच. काय सांगावं?

शब्दशोधक

ताई, तो सल्ला या अध्यायाच्या विरुद्ध आहे, आणि तसं ठामपणे सांगा.

त्यासाठी अध्यायाबाहेर जायची गरज नाही. सहाव्या वचनात येशू म्हणतो की या लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून समुद्रात बुडवणं बरं. पंधरा ते सतरामध्ये पायऱ्या आहेत: आधी एकट्याने, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन, तरी नाही तर मंडळीला सांगून, आणि तरीही नाही तर त्याला बाहेरचा समजून. म्हणजे क्षमेच्या दाखल्याआधी अंतर ठेवण्याची आज्ञाच आहे. त्यातही पहिली पायरी, एकट्याने जाण्याची, मारणाऱ्या माणसाला लागू करू नका. दोघं बरोबरीचे भाऊ आहेत असं ती धरून चालते, आणि जिथे जिवाला भीती आहे तिथे तशी बरोबरी नसते.

आता ३१ वं वचन, जे वाचताना सगळे घाईने ओलांडतात. सोबतीच्या दासांनी तो प्रकार पाहिला, ते फार दुःखी झाले, आणि त्यांनी जाऊन राजाला सगळं सांगितलं. सांगितल्याबद्दल येशू त्यांना दोष देत नाही. क्षमेच्या सर्वांत मोठ्या दाखल्यात मार खाणाऱ्याच्या बाजूने तक्रार करणारे लोक आहेत! गटातल्या बायका या दाखल्यात स्वतःला पहिला दास किंवा दुसरा दास समजतात. ३१ व्या वचनातले दास होणंही त्यांना जमतं.

तक्रार केली म्हणजे क्षमा मोडली असंही नाही. रोम १२ च्या शेवटी सूड घेऊ नका असं आहे आणि लगेच पुढच्या अध्यायात, १३:४ मध्ये, वाईट करणाऱ्याला आवर घालायला अधिकारी देवाने नेमलेला आहे असं आहे. तिथे अध्यायाची रेघ मध्ये आल्याने हा जोड दिसत नाही. व्यवहारात: तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊ शकते आणि त्यात राहत्या घरात राहण्याचा हक्कही येतो. लहान मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर मग निवड उरतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्याने पोलिसांना कळवायलाच हवं, आणि मंडळीत आपसात मिटवणं हा गुन्हा ठरतो.

मंडळीतला वडील

पूर्ण सहमत. एवढंच जोडतो की अशा बाईला ‘तू क्षमा केलीस का’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात विचारूच नका. आधी ती आणि मुलं सुरक्षित राहू देत.

वसईचा वाचक

अडकलेल्या पैशांचा प्रश्न राहिला होता.

अनुवाद १५:१-२ मध्ये दर सातव्या वर्षी भावाचं कर्ज सोडायची आज्ञा आहे. नवव्या वचनात तिची पळवाटही ओळखलेली आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून हात आखडू नकोस. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तिथे जो ‘सुटका’ हा शब्द येतो, तोच लूक ४:१८ मध्ये धरून नेलेल्यांच्या सुटकेला आणि लूक २४:४७ मध्ये पापांच्या क्षमेला. तेव्हा पैसे आणि पाप या दोन कप्प्यांमधली भिंत शास्त्रात आपल्याला वाटते तितकी जाड नाही.

पण पैसे सोडलेच पाहिजेत असा सरसकट नियम मला दिसत नाही. समोरच्याकडे खरंच नसेल तर सोडा. असून देत नसेल तर मागणं हा अपराध नाही, फक्त नरडं धरायचं नाही. १ करिंथ ६:७ मध्ये पौल म्हणतो की त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, ते वचन ऐकवून देणेकरी सुटायला पाहतात. त्यांना पुढचं आठवं वचन वाचून दाखवा, ते भावालाच नाडणाऱ्यांना उद्देशून आहे. आणि निर्णय टांगता ठेवू नका. हातउसन्या पैशांच्या वसुलीची मुदत कायद्याने साधारण ३ वर्षं आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून लेखी कबुली दिली तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. मागायचे असतील तर तेवढ्यात मागा. सोडायचे असतील तर एका ओळीची पावती लिहून द्या: अमुक रकमेपैकी इतकी सोडली, यापुढे मागणी नाही, तारीख, सही. तोंडी सोडलेलं कर्ज पुढच्या भांडणात पहिल्यांदा बाहेर येतं, आणि मग दाखल्यातल्या राजासारखं आपणही ते परत अंगावर टाकतो, कारण मात्र त्याच्याएवढं मोठं नसतं.

ओळीवर ओळ

मत्तय १८ झालं की त्यानंतरच्या बुधवारी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. २५ वचनं, एकच अध्याय, एका बैठकीत पुरं होतं. मत्तयातला दाखला तिथे एका घरात घडताना दिसतो.

फिलेमोनाच्या घरचा दास अनेसिम धन्यापासून दूर गेला, पौलाला तुरुंगात भेटला, तिथे विश्वासात आला, आणि पौल त्याला परत पाठवतो. अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. म्हणून ११ व्या वचनातला ‘पूर्वी निरुपयोगी, आता उपयोगी’ हा श्लेष गटाला आधी सांगा, नाहीतर तो निसटतो. पहिल्या दोन वचनांत पत्र कोणाकोणाला आहे ते पाहा: फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि त्यांच्या घरातली मंडळी. म्हणजे ही खाजगी विनवणी सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. मग १८ आणि १९: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं देणं लागत असेल तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितो. पौल ‘विसरून जा’ म्हणत नाही. रक्कम मान्य करतो आणि स्वतःच्या नावावर घेतो. १६ व्या वचनात तो मागतो ते याहून अवघड आहे: यापुढे दास म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून.

गटाला दोन प्रश्न द्या. अनेसिमाला परत जाताना काय धोका होता, आणि फिलेमोनाला मान्य करताना काय गमवावं लागणार होतं? उत्तरं पत्राच्या शब्दांतूनच काढायची. जोडीला कलस्सै ४:७-९ वाचा, तिथे अनेसिमाचं नाव पुन्हा येतं, ‘विश्वासू व प्रिय बंधू’ म्हणून.

आणि २२ वं वचन वगळू नका. निरोपाच्या ओळी म्हणून सगळे ते सोडून देतात. माझ्यासाठी राहण्याची जागाही तयार ठेव, असं पौल लिहितो. तो स्वतः येऊन पाहणार होता.